पावलं धरायची पाळी

लुहानचे हात अजून नेलिदाच्या पावलांवरच होते.

मिर्ताने डोळ्यांवर अंधारासाठी ठेवलेली जवसाची पुरचुंडी बोटभर सरकवून ते पाहिलं आणि तिचा जळफळाट झाला. विशा क्रेस्पो वस्तीतल्या या माडीवर दर शुक्रवारी संध्याकाळी योगाचा वर्ग भरे, तोही फक्त मानसोपचार करणाऱ्यांसाठी. करायचं काहीच नाही. लोडावर पाठ टाकायची, गुडघ्यांखाली उशी घ्यायची आणि पडून राहायचं. आठवडाभर लोकांची रडगाणी ऐकून शिणलेल्या या मंडळींना वर्ग घेणारी लुहान एकेक करून ब्लँकेट पांघरवायची आणि मग त्यांची पावलं हातांत धरून बसायची. तेवढ्यासाठी मिर्ता ऑगस्टच्या, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्याच्या, थंडीत दोन बस बदलून यायची. घरी तिला पांघरूण घालणारं आता कोणी उरलं नव्हतं.

नेलिदाचं मानसोपचाराचं दुकान मिर्ताच्याच मजल्यावर, समोरच्या दारात. तिच्याकडे पेशंट जास्त, घरी नवरा धडधाकट, आणि इथे पाठ टेकायचा अवकाश, बाई घोरायला लागायच्या. वर आता हे लाड.

"मुक्कामच ठोकलाय जणू," मिर्ता पुटपुटली आणि पुरचुंडी पुन्हा डोळ्यांवर ओढून घेतली.

शेवटी पावलं वाजली. लुहान तिच्या पायांशी येऊन बसली, मांडीवर ब्लँकेटची घडी.

"कशा आहात, मिर्ता?" तिने हळूच विचारलं.

थकलेय गं पोरी. पाय गार पडलेत, धर जरा. सगळं अगदी ओठांवर आलं होतं. पण अर्धं आयुष्य पेशंटच्या दिवाणामागच्या खुर्चीत गेलेलं. त्या खुर्चीत प्रश्नाला उत्तर देत नाहीत, तो विचारणाऱ्याकडेच परतवतात.

"तुला हे का विचारावंसं वाटलं?" मिर्ता बोलून गेली, आणि तिने जीभ चावली.

लुहानने नाक ओढलं.

"खरं सांगू? मीच बरी नाहीये. आईला माझं नाव आठवेनासं झालंय. मावशीच्या नावाने हाक मारते मला."

आधी पाय धर, मग रड, मिर्ताच्या मनात आलं. तोंडातून निघालं ते एवढंच, "हं... मावशीच्या नावाने?"

झालं. लुहानचा बांध फुटला. आई, मावशी, ढुंकूनही न बघणारा भाऊ, सगळं कुजबुजत बाहेर आलं. मिर्ता अंधारात पडल्या पडल्या "हं" म्हणत राहिली. तिच्या पायांची बोटं बधिर होत चालली होती.

शेवटी लुहानने ब्लँकेटच्या कोपऱ्याने डोळे पुसले.

"किती हलकं वाटलं म्हणून सांगू," ती म्हणाली आणि दिवे लावायला उठली. जाताना ब्लँकेट काखेत मारून गेली.

लोक उठून बसू लागले. 'माते' नावाच्या कडू चहासाठी पाणी तापत ठेवल्याचा आवाज आला. नेलिदा चपटे झालेले केस चाचपत मिर्ताकडे टक लावून बघत होती.

"केवढा वेळ बसली गं तुझ्यापाशी! माझे पाय जरासे धरते आणि पळते. लाडकी आहेस बाई तू तिची."

तिचा चेहरा पार उतरला होता. मिर्ताने तो नीट बघून घेतला.

"आहेच मुळी," ती म्हणाली आणि गारठलेली पावलं मोज्यांत कोंबू लागली.