कमरेइतका वाफा

"माळीबुवा, अजून एक फळी चढवा," काकू म्हणाल्या.

माळीबुवा म्हणजे त्यांचा नवरा. चौतीस वर्षं बस चालवलेला माणूस. गल्लीत अजूनही सगळे त्यांना ड्रायव्हरकाका म्हणतात. जन्मात कधी माळी ठेवायची ऐपत झाली नाही, आणि शेवटी ठेवला तो असा. सहा महिन्यांपूर्वी एका सकाळी काकूंनी त्यांच्या हातात झारी पाहिली आणि तेव्हापासून ते माळी झाले. आधी काकांनी समजावून पाहिलं. लग्नाचा फोटो आणून दाखवला. काकूंनी फोटो निरखून पाहिला, मग त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हे बाहेर गेलेत. आले की तुमचं काय असेल ते त्यांच्याशी बोला." काकांनी नाद सोडला. एका परीने ते सोयीचंही होतं. नवरा म्हणून जवळ गेलं की काकू अंग चोरायच्या. माळ्याने दिलेली गोळी मात्र निमूट घ्यायच्या.

आज शनिवार होता. सोमवारी मुलगी गाडी घेऊन येणार होती आणि काकूंना स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना सांभाळणाऱ्या संस्थेत नेऊन ठेवणार होती. गेल्या महिन्यात काकू बाथरूममध्ये पडल्या. त्यांना उचलायला काका वाकले आणि स्वतः काकांचीच कंबर धरली. शेजारी येईपर्यंत दोघं तासभर ओल्या फरशीवर बसून होते. "बाबा, आता पुरे," मुलगी म्हणाली. "एकाला सांभाळता सांभाळता दोघं जाल." काका 'हो' म्हणाले. त्या दिवसापासून त्यांना घास गोड लागत नव्हता. काकूंना त्यांनी काही सांगितलं नाही. सांगून त्यांना कळणार काय, असं ते स्वतःला बजावत होते, आणि आपण घाबरट आहोत हेही त्यांना ठाऊक होतं.

कित्येक दिवस काकूंनी भाजीच्या उंच वाफ्याचा धोशा लावला होता. आज करू, उद्या करू करत काकांनी टाळलं. आता दोनच दिवस उरले तेव्हा कुठे धावपळ करून फळ्या आणल्या, मागच्या अंगणात चार कोपऱ्यांना चार खुंट ठोकले. हिशोब त्यांनी मनाशी केला होता. महिन्यातून एकदा काकूंना घरी आणायचं, वाफ्याशेजारी खुर्ची मांडायची. बसल्याबसल्या मातीत हात घालता आला की झालं. त्यासाठी दोन फळ्यांची उंची पुष्कळ होती. दोन्ही लावून झाल्या. काकूंनी तिसरी लावायला लावली. आणि आता चौथी.

काकांनी स्क्रू तोंडातून काढून हातात घेतला. पाठीतून कळ येत होती. उन्हाने डोकं तापलं होतं. सहा महिन्यांत ते एकदाही आवाज चढवून बोलले नव्हते, पण आज तोल गेला.

"बाई, खुर्चीत बसलात की तुमच्या छातीपर्यंत येईल हा वाफा. तुमचा हात कसा पोचणार? काय चाललंय हे?"

काकू दचकल्या नाहीत. उलट अडाण्याला समजावावं तशा हसल्या.

"मला कशाला पोचायला हवा? आमच्या ह्यांच्यासाठी आहे तो. त्यांना वाकता येत नाही. कबूल करायचे नाहीत, पण बसच्या सीटवर कंबर गेली त्यांची." त्या जवळ आल्या. "तुमच्याच उंचीचे आहेत ते. उभे राहा बघू असे."

काका उभे राहिले. काकूंनी त्यांच्या पट्ट्यापाशी हात ठेवला, फळीशी ताडून पाहिलं आणि मान हलवली. आपण होऊन त्यांनी काकांना हात लावला त्याला सहा महिने झाले होते. काका श्वास धरून उभे राहिले.

"बरोबर इथपर्यंत घ्या. उभ्याउभ्या चार मिरच्या, एखादं वांगं तोडता आलं पाहिजे. नाहीतर नुसत्या पावावर दिवस काढतील, ओळखते मी त्यांना." मग त्यांनी आवाज खाली आणला. "मला कुठेतरी नेऊन ठेवणार आहेत. मुलगी फोनवर बोलत होती. हे मला सांगत नाहीत, मला वाईट वाटेल म्हणून. स्वयंपाकघरात नळ सोडून रडतात. त्यांना वाटतं, मला ऐकू येत नाही."

काकांच्या हातातला स्क्रू मातीत पडला. तो उचलायला ते वाकले नाहीत.

"तुम्हाला भेटतात का हो ते?" काकूंनी विचारलं. "घरातच असतात, आवाज येतो. पण हल्ली माझ्या समोर येत नाहीत. लाज वाटत असेल. भेटले तर माझा एवढा निरोप सांगाल? म्हणावं, ती रागावलेली नाही. तुम्ही किती केलंत ते तिला माहीत आहे म्हणावं."

'अगं, मीच तो.' शब्द अगदी ओठांवर आले. पण ते बोलले असते तर काकू घाबरून दोन पावलं मागे सरल्या असत्या आणि निरोप परत घेतला असता. आत्ता त्यांच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी स्वस्थपणा दिसत होता, काम योग्य माणसावर सोपवल्यासारखा. काकांनी बाहीला डोळे पुसले आणि चौथी फळी उचलली.

"सांगतो, बाई," माळी म्हणाला.