खामपनच्या वाटचा मासा

किडन्या खराब झाल्या तेव्हापासून खामपनला बायकोने खारवलेल्या माशाचा एक तुकडा दिला नाही. "एवढासा दे गं," म्हणून तो पोरासारखा हट्ट करायचा, आणि बुआलाय त्याच्या पुढ्यातलं ताट ओढून घ्यायची. शेवटी त्या माशाची आस ठेवूनच तो गेला.

तेव्हापासून रोज पहाटे ती माशाचं मडकं उघडायची. भिक्खूच्या पात्रात वाढलेलं गेलेल्या माणसाला पोचतं, हे गावात कुणाला सांगावं लागत नाही. दारात पात्र घेऊन यायचा तो तिचाच मुलगा प्रासित, बापाच्या माघारी भिक्खू झालेला. ती मासा वाढायची, डोळे मिटायची आणि नवऱ्याला म्हणायची, "जेवा हो पोटभर. आता नाही अडवणार."

दवाखान्यातली नर्स मात्र प्रासितवर वैतागायची. "भन्ते, आधीच तुम्हाला डायबेटिस, त्यात हे बीपी! गोळ्या घेता, मग उतरत का नाही?"

तो हसून गोळ्या झोळीत टाकायचा आणि विहाराची वाट धरायचा.

सोंगक्रानच्या, नव्या वर्षाच्या सणाच्या तोंडावर त्याला अर्धांगाचा झटका आला. भिक्खूला बाईने शिवायचं नसतं, म्हणून बुआलायला पोराचं वाकडं झालेलं तोंडही पुसता येईना. मिठाने घात केला, असं नर्सने सांगितलं, तशी बुआलाय पोराला भन्ते म्हणायचंही विसरली. "अरे, का खाल्लंस मग? एका शब्दाने सांगायचंस ना मला!"

तो अडखळत म्हणाला,


"आई, बाबांना पुन्हा भरल्या ताटावरून कसं उठवायचं?"