घराला सांगून

तरुणपणी नाटकाच्या दौऱ्यात मी तापानं फणफणले, तेव्हा बाळापूरच्या शालूबाईंनी मला घरी ठेवून घेतलं. आम्ही बेने इस्रायल. आमच्या दाराच्या चौकटीवर प्रार्थनेची डबी असते. येताजाता तिला हात लावून बोटं ओठांना टेकवायची. शालूबाईंकडे डबी नव्हती, तरी माझा हात आपसूक चौकटीकडे जायचा.

"काहून वो ताई?" शालूबाईंनी विचारलं.

"घराला सांगते, परत येते म्हणून," मी गुंगीत म्हणाले होते.

आज हिंगोलीत माझा सत्कार झाला. जन्मभर रंगमंचावर आई झाले. माझी लेकरं मात्र दूर इस्रायलला. माझ्या चौकटीला आता एकच हात लागतो. सत्काराची शाल पांघरूनच जवळच्या बाळापूरला आले. उकडलेल्या हळदीच्या वासात सगळं गाव तरंगत होतं.

शालूबाईंना आता दिसत नाही. त्यांनी मला आवाजावरून ओळखलं. तेवढ्यात त्यांची सून शेळीला पाणी ठेवायला निघाली आणि जाता जाता चौकटीला हात लावून तिनं बोटं ओठांना टेकवली. मागोमाग तिच्या लेकीनंही.

"शालूबाई, हे काहून?" आता मी विचारलं.

"तुमीच म्हनल्या व्हत्या ना? ताई परत येनार हाय म्हून आमी रोज घराला सांगून राहिलो."