वेदगंगेचा सांधा

१९८१ साली बेळगावच्या आमच्या तंत्रनिकेतनात स्थापत्य शाखेच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्रदर्शनासाठी वाहत्या वेदगंगेची प्रतिकृती मिळून करायची होती. उगमाकडचा भाग आम्हा मराठी मुलांनी घेतला, खालचा कन्नड मुलांनी. पाहुण्यांसमोर पाणी अखंड वाहिले तरच पन्नास गुण मिळणार होते. महिनाभर दोन्ही गटांनी एकमेकांशी अवाक्षर न बोलता अत्यंत काटेकोर काम केले.

उद्घाटनाच्या सकाळी दोन्ही भाग शेजारी आणले, तेव्हा सांध्यापाशी पाणी नेणाऱ्या दोन्ही पाइपांना आटे बाहेरून पाडलेले निघाले. त्यांना जोडणारे, आतून आटे असलेले सॉकेट दुसऱ्या गटाने आणायचे, असा दोन्ही गटांचा ठाम समज होता.

"लई शिकल्याली माणसं रं तुमी," असे म्हणत कार्यशाळेचे शिपाई भरमाआण्णा बाहेर गेले. स्वतःच्या सायकलची ट्यूब कापून त्यांनी ती दोन्ही पाइपांवर चढवली आणि सुतळीने करकचून आवळून सुतळीचे टोक हातात घट्ट धरले. पाणी वाहू लागले. "आता मी घरला चालत जातो, व्हय?" त्यांनी विचारले. तेवढ्यात पाहुणे आले, तसे आम्ही सगळे दाराकडे धावलो.

प्रमुख पाहुणे नदीच्या काठाकाठाने वाकून पाहत बरोबर त्या ट्यूबपाशी थांबले. "वा! दोन्ही भाग जोडायची ही कल्पना कोणाची?"

"आमची!" दोन भाषांत एकाच वेळी उत्तर आले.



"व्हय? मग धरा की आता तुमीच," म्हणत भरमाआण्णांनी सुतळी सोडली, आणि वेदगंगा थेट पाहुण्यांच्या शुभ्र धोतरात उतरली.