बुटांतलं पाणी

त्याने बागेतल्या नळाखाली आधी उजवा पाय धरला, मग डावा. पायमोजे चिंब होईपर्यंत तो हलला नाही. झाडांना पाणी घालणारा माळी हसला. "लोक बूट काढून पाय धुतात, तुमचं आपलं उलटंच." त्याला हसू आलं नाही. रडूही आलं नाही. ते पहिल्याच आठवड्यात आटलं होतं.

कापड रंगवायच्या कारखान्याने त्याला काढून टाकल्याला तीन आठवडे झाले होते. तिथली फरशी कायम ओली. तेवीस वर्षं तो रोज संध्याकाळी ओल्या बुटांनी घरी आला होता. कोरड्या बुटांनी गेला असता तर बायकोला पहिल्याच दिवशी कळलं असतं, आणि बाबांनाही. बाबांनी त्याच कारखान्यात जन्म काढला होता, साहेबाच्या हातापाया पडून मुलाला तिथे चिकटवलं होतं. "पोरगा माझ्याच जागेवर आहे," हे ते अजून येईल त्याला ऐकवत. त्या एका वाक्यावर म्हातारा तग धरून होता. ते कोणत्या तोंडाने काढून घ्यायचं? म्हणून तो सकाळी डबा घेऊन निघे आणि दारोदार काम मागत फिरे. वय बावन्न म्हटलं की समोरचा मान डोलावून फोन नंबर लिहून घेई. फोन कुणाचाच येत नसे. आता आपलं काही होणार नाही, हे त्याला कळून चुकलं होतं.

घरी बाबा वाट बघत बसले होते. बूट वाळत घालायचं काम त्यांनी सुनेलाही दिलं नव्हतं. त्यांनी नाड्या सैल केल्या, आतले तळवे काढून वेगळे ठेवले, वर्तमानपत्राचे बोळे पार चवड्यापर्यंत सारले.

"शेगडीजवळ न्यायचे नाहीत," ते रोजच्यासारखे म्हणाले. "चामडं तडकतं, शिवण उसवते. वाऱ्याला आडवे ठेवायचे. बुटाला घाई चालत नाही." मग ओल्या बुटावरून हात फिरवत म्हणाले, "कामाचं पाणी आहे हे. सगळ्यांच्या नशिबी नसतं."

तो मान खाली घालून आत गेला.

सकाळी बायकोने बोळे काढले आणि घाईघाईने कचऱ्याच्या पिशवीत तळाशी कोंबले. कोरडे बूट त्याच्यापुढे ठेवले. शेजारी डबा, आणि डब्यावर एक छोटी पुडी.

"हे काय?" त्याने विचारलं.

आतून बाबांचा खोकला ऐकू आला. तिने आवाज खाली आणला.

"नीळ आहे. कारखान्यातलं पाणी असायचं तेव्हा कागद निळे निघायचे. तीन आठवडे झाले, निळा डागही नसतो. मी लपवून टाकते, पण काल बाबा स्वतःच काढायला बसले होते. आज बूट भिजवाल तेव्हा चिमूटभर टाका. त्यांना कमी दिसतं, पण इतकंही कमी नाही."