अजून रंग आहे

"थांबा! अजून रंग आहे."

नगरपालिकेच्या निशिदेसानांचा शाई लावलेला शिक्का कागदाच्या बोटभर वर थबकला. त्यांनी नमुन्याच्या पाण्याची बाटली उन्हात धरली. पाणी अगदी नितळ होतं.

"तोकुजीसान, माझं यंत्र शून्य दाखवतंय. तुम्ही कुठून आणलात रंग?"

"यंत्राला काय कळतंय रंगातलं!"

चिहारुच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आज शिक्का बसला नाही तर उद्यापासून नदीत रंगकामाचं थेंबभर सांडपाणी सोडायला बंदी. मग कानाझावा शहरातलं हे चार पिढ्यांचं रंगघर बंदच. ते वाचावं म्हणून तिनं तीन वर्षं घालवली होती. अंगणात काचेच्या उतरत्या फळ्या लावल्या होत्या, त्यांवर पांढऱ्या पावडरीचा लेप. लेपावर ऊन पडलं की वरून वाहणाऱ्या पाण्यातला रंग तुटून जायचा. सकाळी टाकीत लालभडक पाणी होतं. दुपारी अडीचला त्यातून तळ दिसत होता. आणि आता तिचे स्वतःचे बाबाच आडवे आले होते.

त्यांना हे सगळं पहिल्यापासून खुपत होतं. "उन्हानं न उडणारा रंग ही आमच्या घराची अब्रू," ते येईल-जाईल त्याला सांगायचे, "आणि आमच्या बाईसाहेब उन्हालाच रंग खाऊ घालतायत!" खरं तर ती रसायनशास्त्राकडे वळली तीही त्यांच्यामुळेच. तिनं रंगवलेल्या एकाही किमोनोवर त्यांनी घराचा शिक्का उठवला नव्हता. "बरंय," म्हणायचे आणि बाजूला ठेवायचे.

"बाबा, तुम्हाला हे बुडवायचंच आहे का?"

तोकुजींनी पांढऱ्या रेशमाचे वीतभर दोन तुकडे कापले. एक कोरडा ठेवला, दुसरा टाकीतल्या पाण्यात घालून चुलीवर उकळला. पाण्यात असेल नसेल तेवढा रंग रेशीम ओढून घेतं. पंधरा मिनिटांनी त्यांनी तो चिमट्यानं उचलला आणि कोरड्या तुकड्याशेजारी धरला.

निशिदेसानांनी चष्मा वर केला, खाली केला. "मला तर दोन्ही सारखेच दिसतायत बुवा. मारू शिक्का?"

चिहारुला मात्र दिसलं. अगदी पुसट गुलाबी झाक होती. तिला गप्प बसता आलं असतं. तिनं एकदा नदीकडे पाहिलं.

"नका मारू," ती म्हणाली. "बाबा म्हणतायत ते खरंय. अजून दोन तास द्या."

"पाचला माझी कचेरी बंद होते, पोरी. आणि ऊन कुठवर पुरणार?"

"असेल तोवर चालवते."

तोकुजींनी तिच्याकडे निरखून पाहिलं. मग ते अंगणात गेले. बांबूवर त्यांचं स्वतःचं रेशीम वाळत होतं आणि त्याची सावली काचांवर सरकत होती. सत्तरीच्या म्हाताऱ्यानं ते अर्धओलं रेशीम भराभर उतरवून घेतलं. महिन्याभराचं काम डागाळलं, पण काचांवर पुन्हा लख्ख ऊन पडलं.

पावणेपाचला रेशमाचा नवा तुकडा उकळून निघाला. बापलेकीनं डोक्याला डोकं लावून तो पाहिला. मग पुन्हा पाहिला. पांढरा म्हणजे पांढराच.

"आता मारा," तोकुजी म्हणाले.

शिक्का बसला. "घाम फोडलात हो मला!" म्हणत निशिदेसान कागद देऊन निघाले. चिहारु मटकन पायरीवर बसली. आपण केलं, खरंच केलं, या आनंदानं तिचा ऊर भरून आला होता.

मागे इस्त्रीचा चरचर आवाज आला म्हणून तिनं वळून पाहिलं. बाबांनी तो शेवटचा तुकडा वाळवून फळीवर पसरला होता. शेजारी घराच्या शिक्क्याची लाकडी डबी उघडी होती.

"बाबा, त्यावर तर काहीच नाहीये."

"दिसतंय मला," म्हणत तोकुजींनी उजव्या कोपऱ्यात, नेहमीच्या जागी, घराचा शिक्का उठवला.