बदामाचा कलर

साखळकरने चिंचोक्यांचा सगळा ढीग पुढे सरकवला, तेव्हा मी त्याच्या कानांकडे पाहिलं. तीन पत्तीत ब्लफ मारला की त्याचे कान लाल होतात, हे कट्ट्यावर सगळ्यांना ठाऊक आहे. आज कान नेहमीसारखेच होते.

माझ्याकडे बदामाचा कलर होता. कलर सहसा हरत नाही, पण हरू शकतो. मी पानं खाली टाकून पॅक केलं.

त्याने पानं उलटली. दुरी, पंजी, नव्वी. साधी जोडीसुद्धा नव्हती.

"चिंचोक्यांसाठी एवढं?"

"चिंचोक्यांसाठी नाही रे. आता घरी जाऊन हिला सांगायचंय, डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं काही नाही." त्याने चेहरा माझ्याकडे वळवला. "कळतंय का चेहऱ्यावरून?"

त्याचे कान लालभडक झाले होते.

"छे," मी पानं पिसत म्हणालो. "अजिबात नाही."